हंगेरीचा प्रपंच : परदेशी जाणाऱ्या मुलांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस चार शब्द
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रण देताना सांगितले की, गुरुजी, आपण हंगेरी देश पाहून आला आहात, तेव्हा तिकडच्या चार गमती सांगा. गमती पुष्कळ आहेत. परंतु ज्या घरांत हल्ली सोयरिकीच्या बोलण्याबरोबर व्हिसाचेही बोलणे होऊ लागले आहे, त्या घरांस गमतींपेक्षा हिशेबाचा उपयोग अधिक, असे वाटून आज आम्ही व्यवहाराचेच बोलणार आहो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आयुष्य मुलांस पाढे शिकविण्यात गेले. मोठी मते मांडण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र आमचा मुलगा २०१८ पासून तिकडे आहे, व २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही ऐंशी दिवस त्याच्या बिऱ्हाडी राहून आलो, एवढ्याच आधारावर हे बोलणे आहे.

परमुलखात जाऊन राहणे आपल्या ज्ञातीस नवे नाही. श्रीसंत नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, व त्यांची पदे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही त्याच घुमानला भरले. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या ह्या पुरुषाने परक्या लोकांस आपले केले, ते त्यांच्या भाषेत शिरून केले. आमच्या आजच्या बोलण्याचा निम्मा सारांश ह्या एका वाक्यात आला.

हंगेरी हा युरोपच्या मध्यभागी, समुद्रकिनारा नसलेला देश. क्षेत्रफळ सुमारे ९३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहूनही थोडे कमी. लोकवस्ती एक कोटीच्या आत. राजधानी बुडापेस्ट. आपल्या गोदावरीच्या एका तीरी नाशिक व दुसऱ्या तीरी पंचवटी, तसे तेथे डॅन्यूबच्या एका तीरी बुडा व दुसऱ्या तीरी पेस्ट. १८७३ साली ही गावे जोडून एक शहर झाले. हा देश २००४ साली युरोपीय संघात आला, पण युरो त्याने घेतला नाही. त्याचे नाणे फोरिंट. रुपयापेक्षा ते हलके असल्याने पगाराचा आकडा ऐकून आपल्याकडील माणसाचे डोळे दिपतात. येथेच पहिली चूक होते.

पाटीवर गणित मांडू. समजा, करारात पाच लाख फोरिंट पगार लिहिला आहे. त्यातून सर्वसाधारणपणे शेकडा १५ प्राप्तिकर व शेकडा १८.५ सामाजिक विम्याची वर्गणी कापली जाते. एकूण कपात शेकडा ३३.५, म्हणजे १,६७,५००. हाती आले ३,३२,५००. ह्यातून घरभाडे द्यावयाचे. शिवाय इमारतीचा सामाईक खर्च, वीज, पाणी, आणि हिवाळ्यातील घर तापविण्याचा खर्च. घर घेताना बहुधा दोन महिन्यांचे भाडे अनामत मागतात. बाजारातील बहुतेक मालावर शेकडा २७ मूल्यवर्धित कर असतो. युरोपीय संघात हा सर्वांत चढा दर आहे. म्हणून मुलाने पगार सांगितला, तर आईबापांनी 'हातात किती?' आणि 'भाडे जाऊन किती?' हे दोन प्रश्न विचारल्यावाचून पेढे वाटू नयेत.

आता कागदपत्रे. महाराष्ट्रातील लोकांसाठी मुंबईत हंगेरीची वकिलात आहे. तिकडे उतरल्यावर मुलास निवासपरवान्याचे कार्ड, राहत्या पत्त्याची नोंद, करासाठी क्रमांक आणि आरोग्यविम्याचा क्रमांक ही चार कामे करावी लागतात. आरोग्यविम्याच्या नऊ आकडी क्रमांकास तेथे 'तॉय' म्हणतात, आणि सरकारी दवाखान्यात पहिला प्रश्न त्याचाच होतो. घरमालक पत्त्याच्या नोंदीस संमती देणार की नाही, हे भाडे ठरविण्याआधीच विचारावे. नोंद नसेल तर पुढची कामे अडतात. कंपनीने येथून तात्पुरते पाठविले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. भारत व हंगेरी ह्यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा करार २०१३ पासून अमलात आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाचे प्रमाणपत्र नेल्यास दोन्हीकडे वर्गणी भरण्याचा दुहेरी भुर्दंड टळतो.

नोकरीच्या नावाखाली जाणाऱ्यांनी परवान्याचा प्रकार नीट वाचावा. हंगेरीने २०२३ साली परदेशीयांच्या निवासाचा नवा कायदा केला व तो मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यात 'पाहुणा कामगार' असा एक वर्ग आहे. ह्या वर्गाचा परवाना प्रथम दोन वर्षांचा, वाढवून फार तर तीन वर्षांचा; त्यावर बायकामुलांस नेता येत नाही, व त्याच्या आधारे कायम वास्तव्यही मिळत नाही. त्यानंतर कोणत्या देशांच्या नागरिकांस हा परवाना द्यावा ह्यावरही बंधने आली आहेत. नियम असे वरचेवर बदलतात. म्हणून मध्यस्थाच्या तोंडच्या शब्दावर न जाता वकिलातीकडून ताजी माहिती घ्यावी. आमच्या ओळखीच्या एका घराने एका मध्यस्थास मोठी रक्कम दिली, ती 'पुढे सहकुटुंब राहता येईल' ह्या आश्वासनावर. कागद आम्ही वाचला तेव्हा त्यात तसा एक शब्दही नव्हता. कापड फाडण्याआधी माप घ्यावे, हे आपल्या ज्ञातीस कोणी शिकवावयास नको!

विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. हंगेरी सरकारची 'स्टिपेंडियम हंगेरिकम' नावाची शिष्यवृत्ती २०१३ पासून आहे. तीत शिक्षणशुल्क माफ होते, दरमहा विद्यावेतन मिळते, वसतिगृहात जागा किंवा भाड्यास मदत मिळते, व आरोग्यविमा असतो. विद्यावेतन बेताचेच, घरून थोडे पाठवावे लागते. परंतु कर्जाचा डोंगर होत नाही. तिच्यासाठी मध्यस्थाची मुळीच गरज नाही. देब्रेत्सेन, सेगेद, पेच व बुडापेस्ट येथे इंग्रजीतून वैद्यकीचे शिक्षणही मिळते, पण ते खर्चाचे आहे. शिवाय येथे परत येऊन वैद्यकी करावयाची असेल, तर जाण्यापूर्वी 'नीट' परीक्षा उत्तीर्ण असणे, आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे तेथे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम व बारा महिन्यांची उमेदवारी पुरी करणे आवश्यक आहे. हे आधी न पाहता घर गहाण टाकणे म्हणजे अस्तरावाचून कोट शिवणे होय.

आता भाषा. कार्यालयात इंग्रजीने निभावते. पण भाजीवाली, शेजारीण, दवाखान्यातील परिचारिका ह्यांच्यापाशी हंगेरियनच लागते. ती युरोपातील बहुतेक भाषांहून वेगळ्या कुळातील, फिनलंडच्या भाषेची दूरची नातलग. लोक तिला फार अवघड म्हणतात. आम्हांस मात्र व्याकरणाचा मास्तर म्हणून तिच्यात ओळखीची खूण सापडली. इंग्रजीत शब्दयोगी नामाच्या आधी येतो. हंगेरियनमध्ये आपल्या विभक्तीप्रत्ययासारखा तो शब्दाच्या शेवटी चिकटतो. घर म्हणजे 'हाझ'. घरात म्हणजे 'हाझबन'. घरातून म्हणजे 'हाझबोल'. मराठी मुलास ही घडी इंग्रजापेक्षा लवकर बसावी. नावही तेथे आपल्या हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी घालून लिहितात. तूतुम्हीचा भेद ते पाळतात. वडील स्त्रीस नावापुढे 'नेनि' व पुरुषास 'बाचि' लावतात, जसे आपण काकू व काका लावतो. आणि एक गोष्ट ऐकून आपणांस आनंद होईल. त्या देशातील अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक 'साबो' असे आहे, व त्याचा अर्थ शिंपी! आमच्या मुलाच्या खालच्या मजल्यावरच एक साबोबाई राहत. आमचाही धंदा तोच, हे मुलाने त्यांस सांगितल्यापासून त्यांनी आम्हांस परके मानले नाही.

खाण्यापिण्याचे म्हणाल, तर तांबड्या मिरचीची पूड तेथे घरोघरी असते, पण ती आपल्या तिखटापेक्षा सौम्य. शाकाहारी माणसाने विचारूनच खावे. बटाट्याच्या रश्शातही मांसाचा तुकडा अथवा डुकराची चरबी असू शकते. 'फ्योझेलेक' नावाची दाट पालेभाजी आपल्याला चालते, परंतु तीही मांसावाचून आहे ना, हे विचारावे. मुलास वरणभात, पोळी व दोन भाज्या करता आल्यावाचून पाठवू नये. हे मुलींइतकेच मुलांनाही लागू आहे. डिसेंबरात चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो. थंडीपेक्षा तो अंधार माणसास खचवितो. त्यांचे घड्याळ आपल्या मागे, हिवाळ्यात साडेचार तास व उन्हाळ्यात साडेतीन तास. तेव्हा आपण रात्री जेवून फोन करतो, ती तिकडे ऐन कामाची वेळ असते.

येथवर हिशेब झाला. आता जे सांगावयाचे ते मन घट्ट करून सांगतो.

२०२३ च्या जानेवारीत मुलाची आई निवर्तली. त्या वेळी त्याचा निवासपरवाना संपून नूतनीकरणाचा अर्ज चालू होता. हाती होते ते तेथे राहण्यापुरते तात्पुरते प्रमाणपत्र; त्यावर देश सोडला तर परत प्रवेश मिळत नाही, नव्याने व्हिसा काढावा लागतो, व तोवर नोकरी राहीलच असे नाही. तो म्हणाला, "दादा, मी येतो, नोकरी जाऊ दे." आम्हीच त्यास म्हणालो, "येऊ नकोस." आईस पुतण्याने अग्नी दिला, तिकडे मुलगा फोनमध्ये पाहत उभा होता. आम्ही योग्य केले की अयोग्य, ह्याचे उत्तर आम्हांस आजही सापडलेले नाही. थोड्या अस्थी राखून ठेविल्या होत्या. मार्चअखेर कार्ड हाती आले, त्याच आठवड्यात तो आला, आणि रामकुंडावर त्याने स्वतःच्या हाताने त्या सोडल्या.

पुढे आम्ही त्याच्याकडे राहावयास गेलो, तेव्हा कपाटात त्याच्या पहिल्या हिवाळ्याची खर्चाची वही सापडली. कित्येक दिवसांपुढे केवळ 'पाव, दूध' एवढीच नोंद. त्याच दिवसांत तो आम्हांस फोनवर "सारे उत्तम आहे" असे सांगत असे, व आम्ही येथे गल्लीत मिरवीत असू. त्याने लपविले हा त्याचा दोष नव्हे. तक्रार ऐकून घेणारा बाप त्यास दिसला नाही, हा आमचा दोष.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक : परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींची गाववार नोंदवही ठेवावी, म्हणजे नवा जाणारा तेथील माणसास दोन प्रश्न विचारू शकेल. दुसरी : शिक्षणनिधीतून परदेशासाठी कर्ज देण्यापूर्वी करार व परवान्याचा प्रकार जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा. तिसरी : जाणाऱ्याने परतीच्या तिकिटाची रक्कम निराळी ठेवावी, तिला हात लावू नये, आणि परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या पुष्कळ आधी करावा.

मुलांनो, जरूर जा. नामदेवराय गेले, तुम्हीही जा. तेथील भाषा शिका, तेथील माणसांस आपले म्हणा. आणि आईबापांनो, फोनवर पगार विचारण्याआधी 'आज काय जेवलास?' हे विचारा, आणि उत्तर खरे येईपर्यंत थांबा.