कडब्याची पेंढी, पऱ्हाटीचा भारा आणि डिझेल



संयोजकांनी सांगितलं, आपल्या शिक्षणातलं काहीतरी असं सांगा की ते घरी जाऊनही उपयोगी पडेल. मी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करते, पण पदवी केमिकल इंजिनिअरिंगची. म्हणून आपल्या ग्रुपवर आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच देते. आपल्यातल्या एकाला प्लास्टिकच्या कचऱ्यापासून डिझेल करणारं यंत्र घ्यायचं आहे. त्यासाठी शेतावर कर्ज काढायची त्याची तयारी आहे. त्याने विचारलं, "हे खरंच होते का?"

होते. पण तयार झालेलं तेल डिसेंबरात इंजिनात चालेलच असं नाही.

परतवाड्याच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. करडईचं तेल मात्र वाहतं राहतं. दोन्ही तेलंच, मग फरक कशाचा? रेणूच्या आकाराचा. सरळ रेणू कडब्याच्या पेंढीसारखे एकमेकांना चिकटून रचले जातात आणि तेल गोठतं. वाकडे किंवा फांद्यांचे रेणू म्हणजे पऱ्हाटीचा भारा. कितीही दाबा, मधे पोकळी राहतेच. ते सहजी गोठत नाहीत.

डिझेलचंही असंच आहे. थंडीत त्यातलं मेण आधी बारीक स्फटिकांच्या रूपात सुटतं. डिझेल गढूळ दिसतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी बंद पडते. म्हणून आपल्या देशाच्या मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादाच ठरवून दिली आहे. उन्हाळ्यात १८ अंश आणि हिवाळ्यात ६ अंश सेल्सिअस, त्याहून जास्त नको. लडाखला एवढं पुरत नाही. तिथले ड्रायव्हर डिझेल पातळ राहावं म्हणून त्यात रॉकेल मिसळत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल तिथे आणलं. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार झालं.

आता कुणी म्हणेल, मग सगळे रेणू फांद्यांचेच करा. तसंही चालत नाही. आपण शाळेत असताना, १९९४ साली, शकुंतलेचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. सोळा कार्बनची सरळ साखळी म्हणजे सेटेन. ते इतकं चांगलं पेटतं की त्याला १०० गुण धरून बाकीची इंधनं मोजतात. पण ते १८ अंशांनाच गोठतं. त्याच सोळा कार्बनचा, भरपूर फांद्यांचा भाऊ म्हणजे आयसोसेटेन. तो कडाक्याच्या थंडीतही वाहतो, पण पेटण्यात त्याला गुण फक्त १५. म्हणून चांगल्या डिझेलला लांब साखळी हवी आणि तिच्यावर एखाद-दुसरीच फांदी हवी.

कृत्रिम डिझेलची सगळी कसोटी इथेच लागते. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या दोघांनी १९२० च्या दशकात जर्मनीत ही रीत काढली. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे वायू करायचे आणि उत्प्रेरकावर त्यांच्या साखळ्या गुंफायच्या. कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू किंवा लाकूडफाटाही चालतो. दक्षिण आफ्रिकेत १९५५ पासून कोळशापासून असं इंधन निघतं. पण या साखळ्या बहुतेक सरळ असतात, म्हणजे बरंचसं मेणच. मग प्लॅटिनम आणि अतिशय बारीक छिद्रांचा उत्प्रेरक वापरून, हायड्रोजनच्या दाबाखाली, त्यांना मोजक्या फांद्या फोडतात. ही पायरी झाली की तेच मेण थंडीत वाहणारं उत्तम डिझेल होतं.

आता मित्राचं यंत्र पाहू. पॉलिथिनची पिशवी म्हणजे हजारो कार्बनची जवळजवळ सरळ साखळी. हवा न लागू देता तापवली की तिचे तुकडे पडतात, पण तुकडेही बरेचसे सरळच. म्हणजे पुन्हा मेण. पुण्यात रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन ही संस्था प्लास्टिक कचऱ्यापासून इंधनतेल करते, तेव्हा हे काम अशक्य नाही. भट्टीत जाळायला असं तेल चालतं. ट्रॅक्टरच्या टाकीत घालायचं तर पुढची शुद्धीकरणाची आणि फांद्या फोडण्याची पायरी लागते, आणि ती लहान शेडमध्ये परवडत नाही.

दुसऱ्या एकीने विचारलं होतं, आपली पऱ्हाटी बांधावर जळून जाते, तिचं डिझेल का नाही करायचं? रसायनशास्त्राची हरकत नाही. हरकत वाहतुकीची आहे. पऱ्हाटी हलकी आणि ऐसपैस. ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. उलट हे कारखाने मोठे असले तरच परवडतात. नैसर्गिक वायूवर चालणारा कतारचा पर्ल प्रकल्प दिवसाला सुमारे १,४०,००० बॅरल माल काढतो. आपल्याकडे आज पऱ्हाटीच्या कांड्या करून बॉयलरला देणं जास्त शहाणपणाचं.

तेव्हा मित्रा, सही करण्याआधी एवढं कर. यंत्रवाल्याकडून त्याच्या चालू यंत्राचं तेल माग, नमुन्याची बाटली नको. ते झाकणबंद काचेच्या बाटलीत भरून, घराबाहेर, बर्फाच्या पाण्यात तासभर ठेव. गढूळ झालं, दाट झालं, तर त्यात मेण सुटतंय हे ओळख, पण बर्फाचं पाणी मानकातल्या मर्यादेहून थंड असतं, म्हणून तेवढ्यावरून निकाल लावू नको. स्वच्छ राहिलं तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून फिल्टर तुंबण्याचं तापमान, पेट घेण्याचं तापमान, गंधक आणि सेटेन अंक तपासून घे. आणि यंत्रवाल्याला विचार, हे तेल भट्टीच्या तेलाच्या भावाने विकलं तर कर्जाचा हप्ता निघतो का? निघत असेल तरच पुढे जा.

तो अहवाल हाती आला की मला पाठव. सोबत बसून वाचू. शेत वडिलांच्या कष्टाचं आहे, त्यासाठी एक तास बर्फ जास्त नाही.