वारा, शीड आणि दोन माणसें

अकोटहून समुद्र दिसत नाहीं. उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग आणि तींत नरनाळ्याचा जुना दुर्ग, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील कपाशीची काळीभोर जमीन, एवढेंच येथील क्षितिज. समुद्र म्हणजे मुंबईस गेल्यावर चौपाटीवरून पाहावयाची वस्तु, अशीच पुष्कळांची समजूत. असें असूनहि दर वर्षीं रोहिणी संपून मृग लागण्याच्या सुमारास अकोटचा कास्तकार बांधावर उभा राहून ज्या ढगांकडे टक लावतो, त्यांतील पाणी समुद्रावरूनच आलेलें असतें. ज्या वाऱ्याच्या मर्जीवर त्याची पेरणी, त्याच वाऱ्याच्या मर्जीवर हजारों मैल दूर असलेल्या एखाद्या शिडाच्या नौकेची वाटचाल. श्रोतेहो, वाऱ्याचें हें एक नातें ध्यानांत घेतलें, म्हणजे समुद्रावरील हकीकत वऱ्हाडांतील घरालाहि परकी वाटणार नाहीं.

मोसमी हा शब्दच मुळीं दर्यावर्दी लोकांनीं दिलेला आहे. अरबी भाषेंत मौसिम म्हणजे ठराविक ऋतु. हिंवाळ्यांत ईशान्येकडून वाहणारा वारा गलबतांना आफ्रिकेकडे नेई आणि पुढें नैर्ऋत्येकडून वाहूं लागलेला वारा त्यांना परत आणी. या दोन वाऱ्यांच्या हिशेबावर अरबी समुद्रावरील व्यापार शेंकडों वर्षें चालला. कोंकणांतील कोळी आणि तांडेल भर पावसाळ्यांत आपलीं तारवें किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हां पाण्यांत लोटीत. वाऱ्याशीं भांडावयाचें नसतें, त्याची वेळ ओळखावयाची असते, हें शहाणपण त्यांच्या रक्तांत मुरलेलें होतें.

या शहाणपणाची कसोटी अलीकडच्या काळांत दोन भारतीय स्त्रियांनीं दिली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या भारतीय नौदलांतील दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजीं गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजीं गोव्यास परतल्या. वाटेंत ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल, न्यूझीलंडांतील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन एवढे चारच मुक्काम. एकंदर अंतर सुमारें २५,४०० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ४७,००० किलोमीटर. एवढ्या वाटेवर नौकेंत तिसरें माणूस नव्हतें.

तारिणी ही अवघी ५६ फूट लांबीची नौका. ती गोव्यांतील दिवाडी बेटावरील गोदींत बांधली गेली आणि २०१७ सालीं नौदलांत दाखल झाली. त्याच गोदींत रत्नाकर दांडेकर यांनीं पूर्वी 'म्हादेई' बांधली होती. तींतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. पुढें २०१७-१८ सालीं सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं तारिणींतूनच प्रदक्षिणा केली. मग सहांच्या जागीं दोघी गेल्या, यांत एवढें विशेष काय, असा प्रश्न कोणी विचारील.

विशेष आहे तें झोपेचें. नौका रात्रीं थांबत नाहीं. भर समुद्रांत नांगर टाकावयास तळ सांपडत नाहीं, म्हणून दिवसरात्र कोणाचा तरी डोळा वाऱ्यावर, शिडावर आणि क्षितिजावर असावाच लागतो. सहा माणसें असलीं, तर पहारा वांटून घेतां येतो. दोघेंच असलीं, म्हणजे एक जागें आणि एक निजलेलें, हाच संसार. सुकाणू आपोआप धरून ठेवणारें यंत्र साहाय्यास असतें. परंतु वारा फिरला तर काय करावें, हा विचार यंत्राला सुचत नाहीं. खालीं निजलेल्या माणसाचा जीव वर जागणाऱ्याच्या हातीं असतो आणि कांहीं तासांनीं हेंच नातें उलटें होतें. असा विश्वास एका दिवसांत उपजत नाहीं. या दोघींनीं त्यासाठीं तीन वर्षें तयारी केली होती आणि निघण्यापूर्वींच प्रत्येकीच्या गांठीं ३८,००० सागरी मैलांचा अनुभव होता.

हवामानाचें लहरीपण म्हणजे केवळ वादळ, असें भूमीवरील माणसास वाटतें. वस्तुतः शिडाच्या नौकेस पहिली परीक्षा द्यावी लागते ती वारा नसण्याची. विषुववृत्ताच्या आसपास एक पट्टा असा आहे, कीं तेथें वारा दिवसच्या दिवस पडलेला असतो. शिडें लुळीं पडून डोलकाठीवर आपटतात, ऊन भाजून काढतें, आणि मध्येंच एखादी काळी झड येऊन दहा मिनिटें धिंगाणा घालून निघून जाते. या पट्ट्याच्या दक्षिणेस आग्नेयेकडून वाहणारे नियमित वारे लागतात. आणखी दक्षिणेस, चाळीसाव्या अक्षांशापलीकडे, पश्चिमेचा प्रचंड वारा पृथ्वीभोंवतीं वाहत असतो. तेथें त्याला अडविणारी भूमि जवळजवळ नाहींच. त्यामुळें लाटा हजारों मैल वाढत येतात. इंग्रज खलाशांनीं या अक्षांशांना 'गर्जणारे चाळीस' असें नांव दिलें, तें उगीच नव्हे.

या दक्षिण महासागरांत वारा कसा फिरतो, हें जाणून घेण्यासारखें आहे. कमी दाबाचा प्रदेश जवळ येऊं लागला, कीं वायुभारमापक यंत्रांतील आंकडा उतरूं लागतो आणि वायव्येकडून उबदार, दमट वारा जोर धरतो. तो प्रदेश सरकतां सरकतां एकाएकीं वारा नैर्ऋत्येकडे वळतो आणि दक्षिण ध्रुवाकडील गारठा घेऊन येतो. वारा क्षणांत फिरला, तरी समुद्र क्षणांत फिरत नाहीं. जुन्या लाटा एका दिशेनें आणि नव्या लाटा दुसऱ्या दिशेनें येऊन एकमेकींवर चढतात, आणि नौकेला खरा धोका बहुधा याच वेळीं असतो.

अशा वेळीं करावयाचें काय? शीड आखडावयाचें. यामागें एक साधें गणित आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरील दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. म्हणून ताशी २० सागरी मैलांच्या वाऱ्यांत जें शीड गुणी घोड्यासारखें नौका ओढतें, तेंच ताशी ४० मैलांच्या वाऱ्यांत डोलकाठी मोडूं शकतें. जुन्या खलाशांचा दंडक असा, कीं शीड लहान करावें काय, हा प्रश्न मनांत आला, कीं तीच तें लहान करण्याची वेळ. लवकर आखडलें तर दोन-चार मैल बुडतात. उशीर झाला तर सर्वस्व बुडण्याची भीति. त्यांतून दोन माणसांच्या नौकेवर हें काम बहुतेक एकट्यालाच करावें लागतें, नाहींतर निजलेल्या सोबत्यास उठवावें लागतें. आज सोबत्याची झोप मोडावी, कीं आणखी अर्धा तास वाट पाहावी? दमलेल्या सोबत्याविषयींची दयाच अशा वेळीं घात करूं शकते. संकोच न करतां हांक मारणें आणि हांक आल्यावर कुरकुर न करतां उठणें, ही दोघांच्या समुद्रप्रवासांतील पहिली नीति होय.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस तारिणी प्रशांत महासागरांतील 'पॉइंट नेमो' या स्थानाजवळून गेली. हें स्थान कोणत्याहि भूमीपासून सर्वांत दूर आहे. जवळांत जवळचें बेट सुमारें २,६८८ किलोमीटरांवर. सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अंतराळस्थानकांतील माणसें येथें कित्येकदां पृथ्वीवरील कोणाहि माणसापेक्षां जवळचीं ठरतात. उपग्रहांच्या द्वारें हवामानाचें भाकीत नौकेवर पोंचत असतें, ही गोष्ट खरी. परंतु भाकीत ऐकून शीड आखडावयास कोणी धांवून येत नाहीं. फेब्रुवारींत, ताशी ७५ किलोमीटरांच्या घरांतील वारे सोसून, त्या दोघींनीं दक्षिण अमेरिकेच्या टोंकाशीं असलेल्या केप हॉर्नला वळसा घातला. पुढें पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन करून एप्रिलच्या मध्यास त्या घराकडे वळल्या.

आणि येथेंच ही हकीकत पुन्हां अकोटकडे येते. २०२५ सालीं नैर्ऋत्य मोसमी वारे २४ मे रोजीं, नेहमींच्या तारखेपेक्षां आठ दिवस आधीं, केरळांत दाखल झाले आणि २६ मे रोजीं मुंबईस पोंचले. तारिणीनें गोव्याचा किनारा गांठला तो या वाऱ्यांच्या पाठोपाठ. इकडे वऱ्हाडांत एवढ्या लवकर आभाळ भरून आल्याचें पाहून अनेकांचे हात तिफणीकडे वळूं पाहत होते. कृषि खात्यानें त्या वेळीं पेरणीची घाई करूं नका, असें आवाहन केलें. तें योग्यच ठरलें. मेच्या अखेरीस मोसमी वाऱ्यांची चाल अडखळली आणि जूनच्या मध्यापर्यंत ते पुढें सरकले नाहींत.

पेरणीपूर्वीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनींत पुरती ओल व्हावी, असा कृषि खात्याचा नेहमींचा सल्ला असतो. पहिल्या सरींवर भुलून सरकी टोंबली आणि मागून लांबलचक उघाड पडली, तर अंकुर करपतो, दुबार पेरणी कपाळीं येते, आणि बियाण्याचें कर्ज दुप्पट होतें. उलट फार वाट पाहिली तर हंगाम हातचा जातो. समुद्रावरचा आणि शेतांतला निर्णय असा एकाच जातीचा आहे. फरक आहे तो इतकाच, कीं नौका आपली दिशा बदलून वादळाला बगल देऊं शकते. शेत जागचें हलत नाहीं. म्हणून कास्तकाराचें धैर्य खलाशाच्या धैर्यापेक्षां रतिभर कमी मानण्याचें कारण नाहीं.

शेतकऱ्याच्या घरींहि हा निर्णय बहुधा दोघांचाच असतो. धनी आभाळाकडे पाहतो आणि घरधनीण कणगींत उरलेल्या दाण्यांकडे पाहते; दोघांचीं निरीक्षणें एकत्र आलीं, तरच हिशेब पुरा होतो. एकाला पेरणीचा उतावीळपणा झाला असतां दुसऱ्यानें थांबा म्हणावें आणि पहिल्यानें तें मानापमान न समजतां ऐकावें, यांतच त्या घराची तग आहे. नौकेवरील पहाऱ्याचा अर्थहि याहून निराळा नाहीं. जागणाऱ्यानें खरें तेंच सांगावयाचें, आणि उठणाऱ्यानें तें ऐकावयाचें.

वारा कोणाच्याहि आज्ञेंत नाहीं. तो ना नौदलाचें ऐकत, ना कृषि खात्याचें. माणसाच्या हातीं एवढेंच आहे, कीं त्याची चाहूल वेळेवर घ्यावी, शीड वेळेवर आखडावें आणि तो अनुकूल होतांच तें पुन्हां उभारावें. आठ महिने समुद्रावर राहून दोघी सुखरूप परत आल्या, त्या वाऱ्याला जिंकून नव्हे. एकीचे डोळे मिटलेले असतां दुसरीचे उघडे होते म्हणून.