नगरपालिका आणि गावातील वृद्ध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वृद्धांचा प्रश्न हा समाजवादी कार्यकर्त्याचा प्रश्न आहे काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. कामगार, शेतमजूर, दलित आणि स्त्रिया यांचे प्रश्न आपले. म्हातारी माणसे मात्र त्यांच्या मुलांची, अथवा फार तर एखाद्या धर्मादाय संस्थेची, अशी एक अलिखित वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी तपासून पाहावी, एवढाच माझा आजचा हेतू आहे. ज्याने चाळीस वर्षे बाजार समितीत पोती वाहिली, तो साठीनंतर कष्टकरी राहत नाही काय? जिने आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केली, तिचे गुडघे निकामी झाले म्हणजे तिचा प्रश्न दानशूरांकडे सोपवायचा काय?

२०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख भरली. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ८.६ टक्के होते आणि महाराष्ट्रात ते १० टक्क्यांच्या जवळ होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. यांतील बहुसंख्यांनी आयुष्यभर असंघटित क्षेत्रात काम केले. माझ्यासारख्या प्राध्यापकाला निवृत्तीची तारीख असते, समारंभ असतो आणि पुढच्या महिन्यापासून निवृत्तिवेतन असते. मजुराला निवृत्ती नसते. त्याचे शरीर थकते आणि मजुरी थांबते, एवढेच.

आता आपल्या तालुक्याच्या गावात वृद्धांसाठी काय आहे ते पाहू. बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ आहे आणि त्याचे विरंगुळा केंद्र आहे. तेथे वर्तमानपत्रे येतात, कॅरम असतो, व्याख्याने होतात, वर्षातून एकदा सहल निघते. या कामाला मी कमी लेखत नाही; एकाकीपणा हाही आजारच आहे आणि या संघांनी पुष्कळांना त्यातून बाहेर काढले आहे. परंतु तेथे जमणारी मंडळी कोण, हे एकदा मोजा. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, महसूल खात्यातील कारकून. हमाल तेथे नाही, मोलकरीण नाही, झोपडपट्टीतील विधवा नाही. त्यांना कोणी मज्जाव केलेला नाही. पण जिला सकाळच्या चहाची भ्रांत आहे, ती कॅरम खेळायला कशी येणार? आणि जो अंथरुणाला खिळला आहे, त्याला केंद्राची पायरी कशी चढता येणार? ज्याला सेवेची गरज सर्वांत जास्त, तोच सेवेपासून सर्वांत दूर, हा या व्यवस्थेतील मूळ दोष आहे.

निवृत्तिवेतनाची कथा याहून वेगळी नाही. केंद्र सरकारने १९९५ साली राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू केली, तेव्हा केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. पुढे तो २०० रुपये झाला, आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तेथेच थांबला. त्या दोनशे रुपयांचे आजचे मोल त्या वेळच्या शंभर रुपयांइतकेही उरलेले नाही. महाराष्ट्राने श्रावणबाळ योजनेखाली मिळणारी एकूण रक्कम २०२३ साली १,५०० रुपयांवर नेली, हे चांगलेच झाले. तथापि याचा अर्थ दिवसाला ५० रुपये. शिवाय या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली ती २१,००० रुपयांची. म्हणजे साऱ्या कुटुंबाचे मिळून दिवसाला ५८ रुपयांच्या वर उत्पन्न असले, की त्यातील म्हातारा माणूस नियमाप्रमाणे गरीब ठरत नाही! अशी अट प्रामाणिक माणसाला घरी बसवते आणि दाखल्यांचा बाजार भरवते. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतके सार्वत्रिक निवृत्तिवेतन मागितले, ते या पार्श्वभूमीवर. ही मागणी स्वप्नाळू नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने, रोज नवा मालक असलेल्या हमालालाही भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान देता येते, हे याच महाराष्ट्रात सिद्ध केले आहे.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की आईवडिलांना मुलांनी सांभाळावे. ही आपली संस्कृती आहे. २००७ साली संसदेने केलेला कायदाही याच वाटेने जातो. त्यानुसार प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करून मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, आणि त्यासाठी वकील लागत नाही. सुस्थितीतील मुलाने आईला वाऱ्यावर सोडले असेल, तेथे हा कायदा अवश्य वापरला पाहिजे. परंतु मुलगाच रोजंदारीवर असेल, तर न्यायाधिकरण त्याच्याकडून काय वसूल करणार? त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांची सोय असलेले एक तरी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. पण तेथे शब्द असा वापरला आहे की शासन ते काढू शकेल. मुलावर सक्ती आणि शासनाला सवलत, असा हा न्याय आहे. शिवाय 'मुलांनी सांभाळावे' याचा व्यवहारातील अर्थ 'सुनेने सांभाळावे' असा होतो, हे आपण विसरू नये. अंथरुणातील सासूचे सगळे करण्यासाठी जी मजुरी सोडून घरी बसते, तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही हिशेबवहीत नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की वृद्धांची सेवा ही गावाची सार्वजनिक सेवा झाली पाहिजे, जशी पाणीपुरवठ्याची आणि दिवाबत्तीची. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे सोपवावयाचे १८ विषय आहेत. दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हा त्यांपैकी एक. केरळात नगरपालिकांच्या क्षेत्रात 'वयोमित्रम्' नावाची योजना २०१०-११ पासून चालत आली आहे. फिरता दवाखाना ठरलेल्या दिवशी वस्तीजवळ येतो, पासष्टीपुढील लोकांना तपासतो आणि रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे विनामूल्य देतो. तेथे असाध्य रोग्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांची जी परंपरा आहे, तिला राज्य सरकारने २००८ साली धोरणाचा आधार दिला. लोकांनी सुरू करावे आणि शासनाने ते पेलून धरावे, असा हा क्रम आहे.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी एक ढोबळ हिशेब मांडतो. त्यातील गृहीतके माझी आहेत, ती आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावीत. ५०,००० वस्तीच्या गावात साठीपुढचे सुमारे ५,००० लोक धरा. त्यांतील विसावा हिस्सा, म्हणजे २५० जण, घराबाहेर पडू न शकणारे आहेत असे समजा. प्रत्येकाकडे आठवड्यातून दोनदा जायचे, तर ५०० भेटी होतात. एक सेविका रोज सहा घरे करील, आठवड्याला ३६. म्हणजे १४ सेविका पुरतात. त्यांना महिना १८,००० रुपये वेतन दिले, तर वर्षाचा वेतनखर्च ३० लाख २४ हजार रुपये होतो. गावाच्या लोकसंख्येवर वाटला, तर माणशी वर्षाला सुमारे ६० रुपये. चौकाच्या सुशोभीकरणावर आणि स्वागतकमानींवर खर्च करणाऱ्या नगरपालिकेने ही रक्कम परवडत नाही असे सांगू नये. आणि या सेविकांना मानधनावर राबवू नये, रीतसर वेतन द्यावे. वृद्धेची सेवा तरुण स्त्रीच्या पिळवणुकीवर उभी राहणार असेल, तर उद्याची निराधार वृद्धा आपण आजच तयार करीत आहोत.

हे सारे मागून लगेच मिळणार नाही. तोवर आपल्याला करता येण्याजोगी तीन कामे आहेत. पहिले, प्रभागवार यादी. दारोदार जाऊन कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाचे औषध पैशाअभावी बंद पडले आहे, हे लिहून काढा. दुसरे, आठवड्यातून एक दिवस निवृत्तिवेतनाचे मदतकेंद्र. कोणाचे वय आधारपत्रावर अंदाजाने चुकीचे पडलेले असते. कोणाच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजलेल्या असतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. अशा माणसाबरोबर तहसील कचेरीत आणि बँकेत जाऊन काम होईपर्यंत उभे राहावे लागते. तिसरे, वृद्धांची स्वतःची समिती. तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि ती वस्तीत बसावी. विरंगुळा केंद्रातील शिकलेल्या मंडळींना या कामात सामील करून घ्या. अर्ज लिहिण्याचे त्यांचे कौशल्य आणि त्यांचा मोकळा वेळ, दोन्ही गावाच्या उपयोगी पडतील.

यादी हातात असली म्हणजे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपण नुसते निवेदन घेऊन जाणार नाही, नावे आणि पत्ते घेऊन जाऊ. अडीचशे नावे मुख्याधिकाऱ्यांच्या मेजावर ठेवली, तर त्यांना ती वाचावी लागतील. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने निदान एका प्रभागाची यादी पुरी करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.