ओझोनचे कवच : झीज, कारणे आणि परिणाम



मे महिन्यात पिंप्राळ्यात पारा 45 अंशांकडे झुकू लागला की ‘वर ओझोनला भोक पडले, म्हणून ही काहिली’ असे उद्गार ओट्यावर आणि दुकानात सहज ऐकू येतात. हा समज बरोबर नाही. जळगाव परिसर विषुववृत्ताच्या सुमारे 21 अंश उत्तरेस आहे. मेच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. त्यात निरभ्र आकाश, कोरडी जमीन आणि उष्ण वारे यांची भर पडते. ओझोनचा ऱ्हास ही निराळी व्याधी आहे. तिच्यामुळे वाढतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा मारा.

प्राणवायूच्या तीन अणूंनी ओझोनचा रेणू बनतो. हाच वायू जमिनीलगत साठला तर दमेकऱ्यांना आणि पिकांना अपायकारक ठरतो. मात्र 15 ते 35 किलोमीटर उंचीवर तो सजीवसृष्टीचे कवच असतो. हे कवच किती विरळ असावे? डोक्यावरचा सारा ओझोन जमिनीवरील दाबाखाली आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम 3 मिलिमीटर भरेल. त्याच्या अभ्यासात भारतीयांचा वाटा मोठा आहे. हवामान खात्यात पुणे येथे कार्य केलेले डॉ. के. आर. रामनाथन हे ओझोन संशोधनातील जगन्मान्य नाव. त्याच खात्याच्या अ‍ॅना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली फुग्याबरोबर आकाशात सोडावयाचे ओझोनमापक यंत्र देशातच तयार झाले.

या कवचाला झीज लागली ती मानवाच्या सोयीपायी. सन 1928 मध्ये अमेरिकेत क्लोरोफ्लोरोकार्बन वायूंचा शीतकरणासाठी शोध लागला. ते विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, स्वस्तही आहेत. साहजिकच फ्रीज, वातानुकूलन यंत्रे, फवाऱ्याचे डबे आणि फोमच्या गाद्या यांतून ते घरोघर पोहोचले. त्यांचा हाच टिकाऊपणा पुढे दोष ठरला. खालच्या हवेत त्यांचे विघटन होत नाही. वर्षानुवर्षे तरंगत ते वर जातात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात आणि क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू स्वतः न संपता सुमारे 1 लाख ओझोन रेणू नष्ट करू शकतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये हा इशारा दिला, तेव्हा उद्योगजगताने तो फारसा मनावर घेतला नाही. 1985 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याचे जाहीर केले, तेव्हा जग खडबडून जागे झाले.

वायू सुटला प्रामुख्याने उत्तर गोलार्धातील शहरांतून आणि खिंडार पडले दक्षिण ध्रुवावर, हे कसे? तेथील दीर्घ हिवाळ्यात उंचावरील हवा उणे 78 अंशांखाली जाते आणि बर्फकणांचे ढग तयार होतात. त्या कणांवर क्लोरीन सक्रिय होऊन दबा धरून बसतो. सप्टेंबरात सूर्य परतताच संहार सुरू होतो. अपराध एकाचा, शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे.

अतिनील किरण वाढले की त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू आणि रोगप्रतिकारशक्तीचा ऱ्हास संभवतो. पिकांना व समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींनाही हानी पोहोचते. उष्ण कटिबंधातील झीज अल्प असली, तरी येथील थर निसर्गतःच पातळ आणि सूर्य प्रखर आहे. म्हणून केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराच्या डोक्यावरचे उपरणे ही केवळ रीत नव्हे, संरक्षणही आहे.

16 सप्टेंबर 1987 रोजी मॉन्ट्रियल करार झाला. भारत 1992 मध्ये त्यात सहभागी झाला, तो गरीब राष्ट्रांना पर्यायी तंत्रज्ञानासाठी निधी मिळावा, हा आग्रह धरूनच. तो आग्रह न्याय्य होता, कारण हा वायू दशकानुदशके मुख्यतः श्रीमंत राष्ट्रांनीच वापरला होता. महाराष्ट्रात गोदरेज कंपनीने या शतकाच्या आरंभीच हायड्रोकार्बन वायूवर चालणारे फ्रीज बाजारात आणले. दम्याच्या फवाऱ्यांची अपवादात्मक गरज वगळता भारतातील क्लोरोफ्लोरोकार्बनचे उत्पादन 1 ऑगस्ट 2008 पासून थांबले. जागतिक शास्त्रज्ञांच्या 2022 च्या अहवालानुसार, करार असाच पाळला गेला तर बहुतेक जगावरील ओझोन 2040 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल. अंटार्क्टिकावर मात्र 2066 उजाडेल.

काम संपलेले नाही. मोठ्या शीतगृहांत बहुधा अमोनिया असतो, त्याने ओझोनला बाधा नाही. परंतु जुन्या एअर कंडिशनरमध्ये आर-22 हा वायू आहे. त्याची मारकता पूर्वीच्या वायूंहून कमी असली, तरी तो निरुपद्रवी नाही. भारताने तो 2030 पर्यंत, दुरुस्तीसाठीचा किरकोळ वाटा सोडून, बंद करावयाचा आहे. दुरुस्तीच्या वेळी नळी सोडून तो सरळ हवेत जाऊ देण्याची सवय अजून गेलेली नाही. तो सिलिंडरमध्ये परत भरून घेता येतो, त्यासाठी यंत्र लागते आणि थोडा वेळही. यंत्र दुरुस्त करवून घेणाऱ्या घरमालकाने वा दुकानदाराने कारागिराला आधीच ‘गॅस सोडू नका, काढून घ्या’ असे सांगावे आणि त्या श्रमाचे दोन पैसे अधिक द्यावेत.