साचा कापण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

आज हेडफोन कानात ठेवूनच बाथरूममधला प्लास्टिकचा मग हातात घ्या. उलटा करा. तळाच्या मधोमध बोटाला टोचणारा बारीकसा ठिपका बहुतेक सापडेल. वितळलेलं प्लास्टिक तिथूनच साच्यात शिरलं. त्याला म्हणतात गेट. आणि मग तळाशी अरुंद, वर रुंद का? साच्यातून सुटावा म्हणून.

साच्याचे मुख्य भाग दोन. बाहेरचा आकार देते ती कॅव्हिटी, आतला देतो तो कोअर. थंड होताना प्लास्टिक आकसतं आणि कोअरला आवळून बसतं. भिंती अगदी सरळ असतील तर इजेक्टर पिना ढकलताना पार्ट ओरखडतो, कधी तडकतो. म्हणून भिंतीला साधारण 1 ते 2 अंशांचा उतार देतात. तो ड्राफ्ट. तेव्हा पहिला प्रश्न: पार्ट बाहेर येणार कसा?

दुसरा: आकसणार किती? पॉलिप्रॉपिलीन 1.5 टक्के आकसतं असं धरलं, तर 100 मिमीच्या पार्टसाठी साचा सुमारे 101.5 मिमीचा लागतो. एबीएस त्याहून बरंच कमी आकसतं. म्हणजे साचा तोच ठेवून नुसता दाणा बदलला, तरी माप चुकतं आणि झाकण बसत नाही.

तिसरा: जाडी सगळीकडे सारखी आहे का? "मजबूत पाहिजे ना, मग जाड कर," असं सगळेच सांगतात. पण जाडी दुप्पट केली की थंड व्हायला वेळ जवळपास चौपट लागतो. शिवाय जाड जागी वरून खड्डा पडतो, तो सिंक मार्क. त्यापेक्षा आतून रिब द्या, भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीची.

आता खरी गोम ऐका. साच्यातलं स्टील काढणं सोपं, पण परत भरायचं तर वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग, पुन्हा पॉलिश. स्टील काढलं की पार्टवर प्लास्टिक वाढतं. म्हणून मुरलेला डिझायनर क्लिप आधी किंचित सैल ठेवतो, ट्रायल घेतो, आणि मग थोडं स्टील कापून ती घट्ट करतो. टूलरूमच्या भाषेत हे 'स्टील सेफ'.

कॅडमध्ये अनडू असतं, स्टीलमध्ये नसतं. त्यामुळे साहेब "ड्रॉइंग आजच सोड" म्हणून मागे लागले, तरी हे तीन प्रश्न विचारूनच सोडा.

आणि हे काम शिकायचंय? छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा आहे. घरात कुणी दहावीला असेल तर हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात!