एकच फाटक, अनेक वेळापत्रके : बर्कली हायस्कूलमधील शिक्षण आणि शाळेबाहेरचा अभ्यास

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे पूर्व किनाऱ्यावर बर्कली हे सुमारे सव्वा लाख वस्तीचे शहर आहे. जगाला ते ठाऊक आहे तेथील विद्यापीठामुळे. शहराची सगळी माणसे एका जागी पाहायची असतील, तर मात्र विद्यापीठ सोडून दोन-तीन चौक खाली उतरावे लागते. तेथे बर्कली हायस्कूल आहे. १८८० साली स्थापन झालेली ही नववी ते बारावीची सरकारी शाळा. आज तिच्यात सुमारे ३,२०० मुले-मुली शिकतात. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. शहरात राहणाऱ्या मुलाला येथे जागा मिळते, आणि शहराचे सर्वसाधारण सरकारी हायस्कूल एवढे एकच असल्यामुळे प्राध्यापकाची मुलगी आणि गोदीतल्या कामगाराचा नातू एकाच फाटकातून आत शिरतात. कारभार पाहते ते स्थानिक मतदारांनी निवडलेले शिक्षणमंडळ.

शहराचा उतार समजल्याशिवाय या शाळेतली विविधता समजत नाही. पूर्वेला टेकड्या आणि पश्चिमेला समुद्राकडे उतरत जाणारा सखल भाग, अशी बर्कलीची रचना आहे. टेकड्यांवर सुस्थितीतील गोऱ्यांची घरे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेजारच्या रिचमंडमधील जहाजबांधणीच्या कामासाठी दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे या भागात आली. ग्रोव्ह स्ट्रीट ओलांडून पूर्वेला त्यांना घर विकत तर नाहीच, भाड्यानेही सहसा मिळत नसे. जपानी आणि चिनी कुटुंबांचीही तीच गत होती. या ग्रोव्ह स्ट्रीटला पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव दिले गेले. हायस्कूलच्या आवाराची पश्चिमेची हद्द म्हणजे नेमका हाच रस्ता.

प्राथमिक शाळा आपापल्या वस्तीत असल्यामुळे त्या आपोआप गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या अशा वेगळ्या झाल्या होत्या. ही विभागणी मोडायला बर्कलीने पाऊल उचलले तेही कोणत्या न्यायालयाने हुकूम दिला म्हणून नव्हे. १९६४ मध्ये मधल्या इयत्तांच्या शाळांची फेररचना झाली. संतापलेल्या पालकांनी शिक्षणमंडळाच्या सदस्यांना परत बोलावण्यासाठी मतदान घडवून आणले, आणि मतदारांनी सदस्यांच्या बाजूने कौल दिला. १९६८ च्या सप्टेंबरात प्राथमिक शाळांतही मिश्रण सुरू झाले. सखल भागातली लहान मुले बसने टेकड्यांवर जाऊ लागली आणि टेकड्यांवरची थोडी मोठी मुले खाली येऊ लागली. प्रवासाचा त्रास दोन्ही बाजूंनी वाटून घेतला, हे या योजनेचे वैशिष्ट्य. इतर शहरांत तो बहुधा काळ्या मुलांच्याच वाट्याला आला. पुढे अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी पोहोचलेल्या कमला हॅरिस या बसमधून शाळेत गेलेल्या मुलांपैकी एक.

हायस्कूलची रचना मराठी वाचकाच्या ओळखीच्या शाळेपेक्षा अगदी वेगळी आहे. येथे दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा नाही आणि वर्षभर एकत्र बसणारी तुकडीही नाही. दर तासाला विद्यार्थी वर्ग बदलतो. वर्ग शिक्षकाचा असतो, मुले येतात आणि जातात. प्रत्येक विषय पूर्ण केला की त्याचे श्रेयांक खात्यावर जमा होतात, आणि ठरावीक श्रेयांक भरले की पदवीपत्र मिळते. राज्याच्या विद्यापीठात जायचे असेल, तर त्याहून कडक अट आहे. चार वर्षे इंग्रजी, किमान तीन वर्षे गणित, दोन वर्षे इतिहास, दोन वर्षे विज्ञान, दोन वर्षे परभाषा, एक वर्ष कला आणि एक ऐच्छिक विषय अशी पंधरा वर्षांच्या तासांची यादी पुरी करावी लागते, आणि प्रत्येक विषयात किमान ‘सी’ श्रेणी लागते. याच्या वर ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे महाविद्यालयीन पातळीचे विषय असतात. त्यांची देशव्यापी परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण एक ते पाच असे दिले जातात. साध्या विषयातल्या ‘ए’ला चार गुण धरतात, तर या विषयांतल्या ‘ए’ला पाच. वरचे विषय घेणाऱ्याची सरासरी त्यामुळे चढत जाते.

निवडीचे हे स्वातंत्र्य मोठे आहे आणि मोलाचेही आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या मागणीतून येथे आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. हायस्कूलमध्ये असा विभाग असणे अमेरिकेतही दुर्मीळ आहे. वेगवेगळ्या वंशसमूहांचा इतिहास शिकवणारा विषयही येथे १९९० च्या दशकापासून सक्तीचा आहे. राज्याने असा विषय सर्व शाळांना लावण्याचा कायदा केला तो २०२१ मध्ये.

परंतु जेथे प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे, तेथे एकाच इमारतीत अनेक शाळा नांदू शकतात. १९९६ साली विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ पेद्रो नोगेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतील शिक्षक, पालक व विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ‘डायव्हर्सिटी प्रोजेक्ट’ हाती घेतला आणि २००० साली बाहेर पडणाऱ्या मुलांच्या वर्गाचा चार वर्षे मागोवा घेतला. त्यातून निघालेले पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले वेगळी होतात ती नेमकी कुठे, हे त्या कामाने दाखवून दिले. सर्वांत मोठा फाटा होता नववीच्या गणिताचा.

त्या काळी तेथील गणित शिडीसारखे होते. पूर्वबीजगणित, बीजगणित, भूमिती, दुसरे बीजगणित, कलनाची पूर्वतयारी आणि शेवटी कलन. वर्षाला एक पायरी आणि हातात चार वर्षे. नववीत भूमितीपासून सुरुवात करणारी मुलगी बारावीत कलनापर्यंत पोहोचे. पूर्वबीजगणितात बसवलेला मुलगा बारावीत जेमतेम दुसऱ्या बीजगणितापर्यंत येई, तेही मध्ये एकदाही नापास न होता. एकदा पाय घसरला की विद्यापीठाची किमान अटसुद्धा हुके. रसायन आणि भौतिक या विषयांचे वर्ग गणितावर अवलंबून असल्यामुळे एका विषयाचा निर्णय सगळे वेळापत्रक आपल्यामागे ओढून नेई. मग तीच मुले त्याच मुलांबरोबर दिवसभर बसत. हा निर्णय होई तेव्हा मूल चौदा वर्षांचे असे. टेकड्यांवरच्या पालकांना हा जिना पाठ असे. ते आधीच चौकशी करत, वर्ग बदलून मागत, शिकवणी लावत. सखल भागातल्या पालकाला असा काही जिना आहे हेच मूल अकरावीत गेल्यावर कळे. सल्ला द्यायला शाळेत समुपदेशक असे, पण एकेका समुपदेशकाकडे शेकडो मुले. कोणी कोणाला वर्गाबाहेर काढलेले नसे, तरीही कलनाचा वर्ग बहुतांशी गोरा आणि खालच्या पायरीचा वर्ग बहुतांशी काळ्या व लॅटिनो मुलांचा होई. दारातल्या विविधतेचे समाधान मानणाऱ्या कोणत्याही शाळेने, ती कोणत्याही देशातली असो, या एका जिन्यासमोर थांबायला हवे.

शाळेने यावर उपाय केले, आणि ते सोपे नव्हते. १९९७ मध्ये ‘कम्युनिकेशन आर्ट्स अँड सायन्सेस’ ही छोटी शाखा सुरू झाली. तीत सर्व थरांतली मुले मुद्दाम एकत्र घेतली जातात आणि तेच शिक्षक त्यांच्याबरोबर राहतात. पुढच्या दशकात अशा आणखी शाखा निघाल्या. पण शाखा पालकच निवडत असल्यामुळे त्यांचेही रंग वेगळे होऊ लागले. २००९ च्या अखेरीस विज्ञानाच्या प्रयोगशाळेचे जादा तास कमी करून तो पैसा मागे पडणाऱ्या मुलांकडे वळवावा असा प्रस्ताव आला, तेव्हा मोठे वादळ उठले. हे तास नेहमीच्या वेळेआधी किंवा नंतर होत. प्रयोगशाळा वाचल्या, ते योग्यच झाले. एकाचे काढून दुसऱ्याला देण्याने दोघांचेही विज्ञान कच्चे राहिले असते. २०१८ पासून नववीची सगळी मुले मिश्र गटांत एकत्र शिकतात, गटातल्या सर्वांना तेच शिक्षक असतात आणि शाखेची निवड दहावीत होते.

वर्गात न भेटणारी मुले वर्गाबाहेर भेटतील, ही अपेक्षा अभ्यासेतर उपक्रमांकडून असते. ती काही अंशीच खरी ठरते. शाळेत डझनावारी खेळ आणि त्याहून जास्त मंडळे आहेत. मुलींच्या संघांना १९७२ च्या संघराज्यीय कायद्याने बरोबरीचा हक्क दिला. तरी बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलचे संघ एका रंगाचे आणि लॅक्रॉस व होड्यांच्या शर्यतीचे संघ दुसऱ्या रंगाचे, असे होत राहते. महागडे साहित्य, पहाटेचा सराव, सोडायला-आणायला गाडी, हे सगळे एका बाजूला. शाळा सुटताच धाकट्या भावंडांना घ्यायला पळणे दुसऱ्या बाजूला.

जॅझ संगीताची गोष्ट यापेक्षा आशादायक आहे. १९६० च्या दशकात बर्कलीतील एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक हर्ब वाँग हे स्वतः जॅझचे जाणकार आणि समीक्षक होते. त्यांच्या पुढाकाराने शहराच्या प्राथमिक शाळांतच जॅझ शिकवले जाऊ लागले. वाद्य शाळा देई, शिकवणारा शाळेत येई. गाण्याची ही वाट चौथी-पाचवीतच सर्वांना मोकळी झाल्यामुळे हायस्कूलच्या वाद्यवृंदात कोणत्याही वस्तीतले मूल पोहोचू शकले. सॅक्सोफोनवादक जोशुआ रेडमन, पियानोवादक बेनी ग्रीन, ट्रम्पेटवादक अ‍ॅम्ब्रोस अकिनमुसिरे हे सगळे या शाळेचे विद्यार्थी. गणिताच्या जिन्याची पहिली पायरी काहींना घरीच मिळते. संगीताची पहिली पायरी येथे शाळेने सर्वांना दिली.

आणि मग शाळेचे वृत्तपत्र. ‘बर्कली हाय जॅकेट’ विद्यार्थीच लिहितात, संपादित करतात आणि वाटतात. नोव्हेंबर १९९९ मध्ये शाळेपासून हाकेच्या अंतरावरील एका इमारतीत हीटरचा धूर बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला आणि कार्बन मोनॉक्साइडने एक सतरा वर्षांची भारतीय मुलगी मरण पावली. तिची धाकटी बहीण वाचली. मुली आंध्र प्रदेशातून आलेल्या, इमारत शहरातील एका बड्या भारतीय घरमालकाची. मोठ्या वृत्तपत्रांनी अपघाताची बातमी दिली आणि विषय तेथेच थांबला. ‘जॅकेट’च्या दोन विद्यार्थिनी वार्ताहरांना मात्र एक प्रश्न पडला, आणि तो शाळकरी मुलींनाच पडू शकत होता : ही आपल्या वयाची मुलगी शाळेपासून इतकी जवळ राहत होती, तर ती शाळेत का नव्हती? त्यांनी शहरातल्या दक्षिण आशियाई लोकांशी बोलून माहिती मिळवली, आणि डिसेंबरच्या अंकात या मुलींना वेठबिगार म्हणून आणले गेल्याची शंका छापून मांडली. जानेवारी २००० मध्ये संघराज्याच्या तपासयंत्रणेने घरमालकाला अटक केली. मुलींना खोट्या नात्याने देशात आणून राबवल्याचे आणि त्यांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. त्याने गुन्हा कबूल केला आणि २००१ मध्ये त्याला आठ वर्षांच्या आसपास तुरुंगवास झाला.

हे धाडस एका कायद्याच्या आधारावर उभे होते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या वृत्तपत्रातील मजकूर काढून टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना दिला. कॅलिफोर्नियात मात्र १९७७ पासूनच शालेय पत्रकारितेला संरक्षण देणारा कायदा आहे. बदनामी, अश्लीलता, बेकायदा कृत्याची चिथावणी अशा मोजक्या गोष्टी सोडल्या, तर मुख्याध्यापक बातमी अडवू शकत नाहीत.

विद्यार्थ्यांच्या सार्वजनिक जीवनाचे दुसरे रूप ५ नोव्हेंबर २०१५ रोजी दिसले. आदल्या दिवशी ग्रंथालयातील संगणकाच्या पडद्यावर कृष्णवर्णीयांना धमकावणारा मजकूर आढळला. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक मुले तास सोडून बाहेर पडली आणि मिरवणुकीने विद्यापीठाच्या आवारात गेली. त्यात सर्व वंशांची मुले होती. कलनाच्या आणि खालच्या पायरीच्या वर्गांतली मुले इतक्या संख्येने एकत्र चालण्याचे प्रसंग थोडेच.

हे सगळे चालते ते पैशावर, आणि कॅलिफोर्नियात तो आपोआप येत नाही. १९७८ मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ताकर एक टक्क्यावर रोखला आणि सरकारी शाळांच्या उत्पन्नाचा मोठा आधार गेला. संगीत, ग्रंथालये, छोटे वर्ग यांवर सगळीकडे कुऱ्हाड चालली. बर्कलीच्या मतदारांनी १९८६ मध्ये स्वतःवर शाळांसाठी विशेष कर लादून घेतला. अशा कराला दोन-तृतीयांश मते लागतात आणि मुदत संपली की पुन्हा मतदान घ्यावे लागते. तो दरवेळी मंजूर होत आला आहे. प्राथमिक शाळेत मुलाच्या हाती येणारे वाद्य याच कराच्या पैशातून येते.

चार वर्षे पुरी करणाऱ्यांचा पदवीदान समारंभ विद्यापीठाच्या खुल्या ग्रीक थिएटरमध्ये होतो. तेथून मुलांच्या वाटा फुटतात. काही मोठ्या विद्यापीठांत जातात. त्यांच्या अर्जात गुणांबरोबर वाद्यवृंद, वृत्तपत्र, संघ यांची नोंद मोलाची ठरते, म्हणूनच कोणत्या मुलाला दुपारचा वेळ मोकळा मिळतो या प्रश्नाला इतके वजन आहे. काही जण चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या बर्कली सिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून मग विद्यापीठात बदली घेतात. श्रेयांक अपुरे राहिलेल्या मुलांसाठी शिक्षणमंडळ एक वेगळी छोटी शाळा चालवते. तेथे वर्ग लहान असतात आणि राहिलेले श्रेयांक भरून काढून पदवीपत्र घेता येते.