आमचा एकत्र उपास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु मागच्या बैठकीत आपल्यातल्या एका वहिनींनी मला विचारले, "तुम्ही ख्रिस्ती लोकसुद्धा उपास करता म्हणे. मग तुमच्या उपासाला काय काय चालते?" सेक्रेटरीबाईंनी ते ऐकले आणि आज यावरच चार शब्द बोला म्हणून आग्रह धरला. तेव्हा मला जे ठाऊक आहे आणि माझ्यावर जे गुदरले, तेवढेच सांगते.

ईस्टरच्या आधी आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी संपतो. कोणी पंचांग घेऊन मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतील. कारण मधले सहा रविवार आम्ही धरत नाही. रविवार हा प्रभू येशू मरणातून उठला तो दिवस, म्हणून तो आनंदाचा. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

सगळ्या ख्रिस्ती लोकांची रीत मात्र एक नाही. वसईकडचे आणि गोव्याकडचे रोमन कॅथलिक लोक राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस नेमाने उपास करतात. त्यांच्यात अठरा वर्षांच्या आतल्यांना आणि साठीकडे झुकलेल्यांना त्यातून मोकळीक आहे. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांत निनवे शहराच्या आठवणीने तीन दिवसांचा उपास असतो. योना संदेष्ट्याचे बोलणे ऐकून निनवेच्या राजापासून रंकापर्यंत सगळ्यांनी उपास केला, अशी बायबलात गोष्ट आहे. एस्तेर राणीचीही गोष्ट आहे. आपल्या लोकांचा जीव वाचवण्यासाठी न बोलावता राजापुढे जायचे, म्हणजे प्राणाशी गाठ. तेव्हा तिने शहरातल्या आपल्या सगळ्या लोकांना तीन दिवस उपास करण्याचा निरोप धाडला, आणि स्वतः दासींसह उपास केला. एवढी राणी, पण एकटीने नाही केला.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, काय खावे याचा लेखी नियम नाही. उपासकाळातल्या शुक्रवारी सकाळी चहा घेऊन यायचे, मग दुपारी चारपर्यंत काही खायचे नाही. पाणी चालते. लेकुरवाळ्या, गरोदर बाया, साखरेचा आजार असलेले आणि लहान मुले यांनी उपास करायचा नाही. त्यांनी नुसते प्रार्थनेला बसावे, असे पाळकसाहेब दर वर्षी बजावून सांगतात. वाचलेल्या जेवणाचे पैसे किंवा धान्य पेटीपाशी ठेवायचे. मिझोराममध्ये ख्रिस्ती बाया रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो देवाच्या कामाला देतात. ते ऐकून आमच्या बायांनीही ज्वारीची मूठ काढायला सुरुवात केली.

एवढे झाले रीतीभातीचे. आता माझे सांगते.

२०१६ सालची गोष्ट. त्या वर्षी एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपल्याला आठवत असेलच. आमच्या गावातही हातपंप कोरडे पडले होते. टँकर चार-चार, पाच-पाच दिवसांनी यायचा. आमच्या दारात बोअर होती. अर्धा तास चालली की धाप टाकायची. आधी मी शेजारणींना दोन-दोन हंडे देत असे. मग रांग वाढली, बोलाचाली झाली, आणि मला भीती पडली की आपल्याच लेकरांना पुरणार नाही. मी मोटारीच्या खोलीला कुलूप घातले आणि किल्ली पदराला बांधली. कोणी विचारले तर "बोअर आटली" म्हणू लागले. देवाशपथ सांगते, ते खोटे होते.

त्या उपासकाळात मंडळीने दर शुक्रवारी पावसासाठी प्रार्थना करण्याचे ठरवले. मीही जात होते. मार्चमधल्या एका शुक्रवारी पाळकसाहेबांनी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला. त्यात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो आणि तू पाहत का नाहीस. तेव्हा देव त्यांना विचारतो की तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी भांडता, मजुरांना पिळता, हा कसला उपास? भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणे, उघड्याला वस्त्र देणे, हा मला आवडणारा उपास. मी ऐकले आणि मनात म्हटले, अमक्या तमक्याने हे ऐकायला हवे होते.

दुपारी दोनच्या सुमारास घसा कोरडा पडला. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. देवळाच्या ओट्यावर माठ होता. मी पेलाभर पाणी प्याले. देवळाची झाडलोट करणारी बाई तिथेच बसली होती. तिचाही उपास होता. मी सहज विचारले, "पाणी कुठले गं?"

ती म्हणाली, "माळावरच्या विहिरीचं, बाई. सकाळी दोन खेपा केल्या. तुमच्याकडं कुलूप आहे ना."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागले. ती विहीर तिच्या घरापासून मैलभर. उपाशी पोटी तिने ते पाणी डोक्यावरून आणले, आणि ते मी प्याले.

आत गेले तर एकेकीने प्रार्थना करायची पाळी चालली होती. सगळ्या म्हणत होत्या, देवा, पाऊस दे. माझी पाळी आली. पाणी दे, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. घरी पाणी होते आणि किल्ली पदराला होती. शेवटी सगळ्यांदेखत मी म्हटले, "माझी बोअर आटलेली नाही. मी खोटे बोलले. मला क्षमा करा." देऊळ गप्प झाले. मग शेजारच्या मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन मालकांशी बोलले. त्यांची काळजी रास्त होती. ते म्हणाले, "उद्या खरोखरीच आटली तर?" शेवटी असे ठरले की सकाळी सहाला मोटार लावायची आणि घरटी दोन हंडे द्यायचे. त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असा भेद नाही, आणि झाडलोट करणाऱ्या बाईचा नंबर पहिला.

आता आपण विचाराल, मग देवाने चमत्कार केला का? बोअर मे महिन्यात खरोखर आटली. अकरा दिवस थेंब नव्हता. त्या अकरा दिवसांत ज्यांना आम्ही हंडे दिले होते, त्यांनी आपापल्या टँकरच्या पाण्यातून आमचे पिंप भरले. पाऊस पुढे आला तो सगळ्यांवरच आला. उपास केलेल्यांच्या शेतावर आला, न केलेल्यांच्याही शेतावर आला. येशूनेही तेच शिकवले आहे, म्हणून मला त्याचे नवल वाटले नाही.

येशूने आणखी एक सांगितले की उपास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दाखवू नका. मग एकत्र उपास कशाला, असे मी पाळकबाईंना एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "एकटीने उपास केला तर आपली भूक कळते. दहा जणींनी केला तर शेजारणीची कळते." मी घरी एकटीने उपास केला असता तर माझ्याच माठातले पाणी प्याले असते, आणि ते कुलूप अजून तसेच असते.

वहिनींच्या प्रश्नाचे माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे. उपास कोणत्याही धर्माचा असो, तो सोडताना आपल्या पदराला कोणती किल्ली बांधली आहे, ते एकदा चाचपून पाहावे.

चुकले माकले असेल तर पदरात घ्यावे.